बीएलके ३६० : स्कॅनर चोख आहे, पण कंट्रोल सोबत न्यावाच लागतो

जुन्या इमारतीचं बीआयएम मॉडेल (मापं आणि माहितीसकट संगणकावरची त्रिमितीय प्रतिकृती) करायचं ठरलं की हल्ली पहिलं नाव निघतं ते लायका कंपनीच्या बीएलके ३६० या लेझर स्कॅनरचं. पहिली आवृत्ती २०१६ साली जाहीर झाली, दुसरी २०२२ मध्ये आली. हे परीक्षण दुसऱ्या आवृत्तीचं आहे आणि कसोटी एकच आहे: याच्या पॉइंट क्लाउडवरून (स्कॅनमधल्या लाखो मोजलेल्या बिंदूंवरून) रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं मॉडेल जागेवर टेप लावल्यावर जुळतं का? कंट्रोल म्हणजे टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) वेगळे मोजलेले पक्के बिंदू; ते का लागतात ते पुढे येईलच.

यंत्र साडेपंधरा सेंटिमीटर उंच आहे आणि बॅटरीसकट एक किलोच्या आत बसतं. सेकंदाला ६,८०,००० बिंदू घेतं आणि पल्ला अर्ध्या मीटरपासून ४५ मीटरपर्यंत. पहिल्या आवृत्तीला एका सेटअपला (यंत्र एका जागी ठेवून घेतलेल्या स्कॅनला) सुमारे तीन मिनिटं लागायची. आता नेहमीच्या घनतेला वीसेक सेकंदांत घुमटभर स्कॅन होतो. या वेगाचा खरा फायदा असा की आता सेटअप वाचवण्याचा मोह उरत नाही. तीन मिनिटांच्या हिशेबात संडास, पोटमाळा, जिन्याखालची जागा हमखास सुटायची आणि मॉडेलर तिथल्या भिंती अंदाजाने ओढायचा. आता खोलीत एक आणि दाराच्या उंबऱ्यात एक असे सेटअप बिनधास्त लावता येतात. दोन बीएचकेच्या घरात दहा-बारा सेटअप लावले तरी अर्ध्या-पाऊण तासात उरकतं.

अचूकता १० मीटरवर ४ मिमी आणि २० मीटरवर ७ मिमी. अमेरिकेतल्या यूएसआयबीडी या संस्थेच्या एलओए (अचूकतेची पातळी) श्रेणीत एलओए ३० म्हणजे ५ ते १५ मिमी. आतल्या मापांसाठी हे यंत्र त्या श्रेणीत आरामात बसतं. निविदेत एलओए ४०, म्हणजे १ ते ५ मिमी, मागितली असेल तर मात्र याच्या भरवशावर दर भरू नका. त्याच कंपनीचं आरटीसी ३६० हे १० मीटरवर १.९ मिमीचं आहे. ते पाच किलोंच्या वर जातं, पण अशा कामाला तसलंच यंत्र लागतं.

आता जिथे बहुतेक कामं फसतात तिकडे येऊ. एका सेटअपची अचूकता आणि अख्ख्या इमारतीची अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे यंत्र उचलून पुढे नेताना कॅमेरे आणि आतला सेन्सर हालचाल ओळखतात आणि टॅबलेटवर स्कॅन आपोआप एकमेकांना जोडले जातात. सोय उत्तम आहे, पण ती प्रकाशावर चालते. अंधारं तळघर, कोऱ्या भिंतींचा लांब बोळ, लिफ्टमधून वर जाणं, या ठिकाणी जोड तुटतो किंवा चुकतो. प्रत्येक जोड तिथल्या तिथे टॅबलेटवर तपासा. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान तीस-चाळीस टक्के सामाईक भाग हवा.

जोड बरोबर बसला तरी चूक साचत जातेच. लांब कॉरिडॉरमध्ये वीस सेटअप एका माळेत लावले आणि प्रत्येक जोडात ३ मिमीची इकडेतिकडे होणारी चूक धरली, तर वर्गमुळाच्या नियमाने टोकाला १३ मिमी होते. चूक एकाच दिशेने झुकणारी असेल तर याहून बरीच जास्त, आणि सरळ कॉरिडॉर मॉडेलमध्ये धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. मजल्यामजल्यांमधला जिना हा तर सर्वांत कच्चा दुवा. प्रत्येक लँडिंगवर सेटअप लावा आणि शक्य असेल तिथे दुसऱ्या जिन्याने खाली येऊन लूप बंद करा.

यावर सॉफ्टवेअरचा अहवाल दाखवून समाधान करून घेऊ नका. रजिस्ट्रेशनच्या (स्कॅन एकमेकांना जोडण्याच्या) अहवालात २ मिमी लिहिलेलं असतं, ते सामाईक भाग एकमेकांवर किती नीट बसले याचं माप आहे. इमारत तिच्या जागी बरोबर बसली का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी टोटल स्टेशनचा बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे सुरुवातीच्या बिंदूवरच परत येणारी मापांची साखळी, हवा. प्रत्येक मजल्यावर कोपऱ्यांकडे चार ते सहा काळे-पांढरे टार्गेट लावा, त्यांचे निर्देशांक टोटल स्टेशनने घ्या, आणि निदान दोन टार्गेट रजिस्ट्रेशनमध्ये न वापरता फक्त तपासणीसाठी राखून ठेवा. त्या दोघांवर येणारा फरक हीच तुमची खरी अचूकता. टार्गेटपासून यंत्र दहा मीटरच्या आत ठेवा आणि घनता बघून निवडा: दहा मीटरवर ५० मिमीची जाळी (दोन बिंदूंमधलं अंतर) असेल तर १५ सेंमीच्या टार्गेटवर आडवे तीनच बिंदू पडतात आणि मध्य सापडत नाही. १२ मिमीला बारा पडतात, ६ मिमीला पंचवीस.

लेव्हलचं दुखणं वेगळं. टोटल स्टेशनसारखा द्विअक्षीय कॉम्पेन्सेटर (यंत्राचा कल दुरुस्त करणारा भाग) यात नाही. कोनाच्या एका मिनिटाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) कल राहिला तरी २० मीटरवर ६ मिमीचा फरक पडतो. भिंतींना हे चालून जाईल, ड्रेनेजला नाही. शंभरात एक उताराची लाइन तीन मीटरवर ३० मिमी उतरते. स्लॅबच्या लेव्हलमध्ये १० मिमी चूक म्हणजे उताराचा तिसरा हिस्सा गेला. म्हणून ऑटो लेव्हल आणि स्टाफ (उभी मापपट्टी) घेऊन टीबीएमवरून (जागेवरच्या तात्पुरत्या संदर्भ-उंचीच्या खुणेवरून) प्रत्येक मजल्यावर चार-पाच लेव्हल घ्याच. जीपीएस रोव्हरची (सर्व्हेच्या फिरत्या जीपीएस यंत्राची) उंची थेट वापरू नका. पुणे-मुंबई पट्ट्यात ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा साठेक मीटरने कमी दिसते.

निर्देशांकांवरून तर आर्किटेक्ट आणि सर्व्हेअरमध्ये हमखास वाद होतो. पुण्याची जागा यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात ईस्टिंग (पूर्वेकडचा निर्देशांक) ३,७९,००० आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) २०,४८,००० मीटरच्या आसपास येते. रेव्हिट मूळबिंदूपासून १६ किमीच्या पलीकडची भूमिती नीट पेलत नाही. रेषा थरथरतात, स्नॅप चुकतात. शिवाय पुण्यात यूटीएमवरचा एक किलोमीटर जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा वीस-बावीस सेंटिमीटरने आखूड भरतो, आणि जागेची उंची हिशेबात धरली की आणखी आखूड. मुंबईत उलट, तो साधारण तेवढाच लांब भरतो. ३०० मीटरच्या इमारतीला हा सहा-सात सेंटिमीटरचा घोळ आहे आणि तो स्कॅनरच्या माथी मारला जातो. उपाय साधा आहे: जागेवर स्थानिक ग्रिड, स्केल एक (जमिनीवरचं माप जसंच्या तसं), आणि रेव्हिटच्या सर्व्हे पॉइंटवर खरे निर्देशांक. पॉइंट क्लाउड रेव्हिटमध्ये शेअर्ड कोऑर्डिनेट्सने (त्याच सामाईक निर्देशांकांवरून) आणा. नागपूरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: तुमचा पट्टा ४४ आहे.

मॉडेलिंगच्या टेबलावर स्कॅनर कितीही चांगला असला तरी तो फक्त पृष्ठभाग बघतो. २३० मिमीची वीटभिंत, आतून १२ आणि बाहेरून २० मिमी गिलावा, म्हणजे क्लाउडमध्ये भिंत २६२ मिमी दिसते. मॉडेलरने सवयीने २३० ची भिंत ओढली की खोली फुगते किंवा दर्शनी बाजू आत सरकते. वाड्यांच्या जाड भिंती वर निमुळत्या होत जातात. किती मिमीपर्यंत ओळंब्यात धरायची हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवा. रेव्हिटमध्ये कललेली भिंत २०२१ पासून आणि निमुळती २०२२ पासून करता येते, तेव्हा जुनी सबब आता चालणार नाही. फॉल्स सीलिंगच्या वरचं डक्ट आणि पाइप हवे असतील तर ६०० बाय ६०० च्या टाइल आदल्या दिवशी उघडून घ्या.

उन्हाळ्यात कामाच्या तापमानाची वरची मर्यादा ४० अंश आहे. विदर्भात मे महिन्यात बाहेरचं काम सकाळी दहाच्या आत संपवा. आरसे आणि काचा खोटे बिंदू देतात, ओला काळा बेसाल्ट बिंदू गिळतो, पावसाचे थेंब क्लाउडमध्ये ठिपके सोडतात. कॉलमच्या धारेवर बिंदू मागे ओघळलेले दिसतात. माप धारेवरून घेऊ नका, दोन सपाट बाजूंच्या छेदावरून घ्या. दर्शनी भाग बारा मजली असेल तर वरच्या मजल्यांवर किरण फारच तिरपे पडतात आणि गच्ची दिसतच नाही. तिथे ड्रोन किंवा लांब पल्ल्याचं यंत्र लागेल.

मग घ्यावं का? इंटिरिअर, फ्लॅट, ऑफिस, वाडे, मध्यम आकाराच्या जुन्या इमारती अशी कामं सतत असतील आणि टोटल स्टेशन व लेव्हल आधीच घरात असेल, तर बिनशर्त हो. ती दोन्ही नसतील तर आधी ती घ्या आणि स्कॅनर भाड्याने आणा. सर्व्हे बाहेरून करून घेणार असाल तर कामाच्या आदेशातच चार गोष्टी लिहा: ई ५७ या खुल्या फाइल-स्वरूपातला पॉइंट क्लाउड, कंट्रोल बिंदूंची यादी निर्देशांकांसह, ट्रॅव्हर्सचा क्लोजर (सुरुवातीच्या बिंदूवर परत आल्यावर उरणारा फरक), आणि राखीव तपासणी बिंदूंवरचा फरक. चौथी गोष्ट द्यायला जो कां-कूं करेल त्याला काम देऊ नका.