स्टिल्स डिसीज: स्टेरॉइडची गोळी की टोसिलिझुमॅब?

संध्याकाळ झाली की ३९ अंशांच्या वर ताप, त्याच वेळी दंडावर उमटणारे आणि ताप उतरला की पुसले जाणारे गुलाबी चट्टे, सुजलेली मनगटं, हजारोंत गेलेलं फेरिटिन (रक्तातलं लोह साठवणारं प्रथिन, दाह असला की वाढतं). टीबी, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) वगैरे सगळं नाही म्हटल्यावर ‘अ‍ॅडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज’ (मोठेपणी सुरू होणारा, अंगभर दाह करणारा दुर्मिळ आजार) हे नाव पदरात पडलं. मग प्रश्न औषधाचा.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड स्वस्त, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि झपाट्यानं लागू पडतं. माझा ताप दोन दिवसांत उतरला. पण भूक अशी खवळली की रात्री दोनला उठून चकल्यांचा डबा रिकामा! चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. खरी गोम डोस उतरवताना: दहा मिलिग्रॅमच्या खाली गेले की मनगटं पुन्हा कुरकुरायची. आणि गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची सोय नाही.

टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन दाह भडकवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनाची वाट अडवतं, त्यामुळे स्टेरॉइड कमी करता येतं. महाग आहे, हे खरंच. आधी टीबीची तपासणी हवीच. एक गोष्ट मात्र कुणी ठळकपणे सांगत नाही: या औषधावर सीआरपी (रक्तात दाह दाखवणारं प्रथिन) दबून राहतं. आत संसर्ग असला तरी रिपोर्ट छान दिसतो, तापही फारसा चढत नाही.

आजार पहिल्यांदा उसळला तर मी गोळीच घेईन. वर्षभर डोस वर-खाली करत बसले, तेवढं मात्र पुन्हा करणार नाही.