जांभळी नाक्यावरची तबर: पाते जुने, दांडा कालचा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ‘मराठा घोडेस्वाराची कुऱ्हाड’ विकायला आहे. किंमत 9,500 रुपये. पात्यासाठी ती रास्त आहे. ‘मराठा’ या शब्दाचे मात्र वेगळे पैसे देऊ नयेत. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी 1737 मध्ये घेतला हे खरे, पण त्यावरून कुऱ्हाडीचे कुळ ठरत नाही. शिवाय शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचेच आणायचा, त्यामुळे एकच ठरीव नमुना शोधणेही व्यर्थ.

घोड्यावरची म्हणाल तर ती नक्कीच आहे. फारसीत हिला तबरझीन म्हणतात. त्यातले ‘तबर’ म्हणजे कुऱ्हाड आणि ‘झीन’ म्हणजे आपले घोड्याचे जीन. जिनाला अडकवून न्यायची, म्हणून हे नाव. एका हातात लगाम, तेव्हा वार दुसऱ्या हाताने एकट्यानेच करायचा. जड पाते हुकले की स्वाराचा तोल जातो. हे पाते 540 ग्रॅमचे, धार 13 सेंमी, चंद्रकोरीसारखी बाकदार. बाकामुळे धारेचा थोडाच भाग आधी टेकतो आणि जोर तिथेच एकवटतो.

पात्याची घडाई घणाची आहे. लोखंडी पट्टी वळवून नेढे (दांड्याचे भोक) केलेय, टोकांच्या बेचक्यात पोलाद घालून ठोकलेय; नेढ्यापुढे जोडाची नागमोडी रेघ दिसते. नेढे आतून वेडेवाकडे आहे, ड्रिलचे असते तर गुळगुळीत गोल असते. गंज काळपट आणि घट्ट बसलेला. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे सारखाच नारिंगी असतो आणि बोटाला लागतो.

दोष दोन. धारेच्या एका टोकाला ग्राइंडर लावलाय. तिथे निळसर झाक आहे, म्हणजे तापून पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरले. आणि दांडा नवा, तब्बल 85 सेंमीचा. जिनाला टांगला तर घोड्याच्या कुशीवर आपटत राहील. (कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, इथे घोड्यास.) त्यात पाचरीऐवजी खिळा ठोकल्याने लाकूड चिरलेय. घेतलीत तर आखूड दांडा घालून लाकडी पाचर मारून घ्या.

खाडीची दमट हवा लक्षात घेता 0000 नंबरचे (अगदी बारीक) स्टील वूल आणि पातळ मशीन तेल वापरावे, कोरडे पुसून मेणाचा पातळ थर द्यावा. पॉलिश पेपर नको. खोबरेलही नको, ते खवट होऊन चिकटते. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नये, ओल धरते.

शस्त्र नियम 2016 मध्ये, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांत लढाईच्या कुऱ्हाडीचे नाव आहे. पैसे देण्याआधी परवाना लागेल का ते पोलीस ठाण्यात विचारा आणि पक्के बिल घ्या.