मीठ की निळं औषध?
यवतमाळहून टाकीसाठी आणलेल्या मोली माशांवर तिसऱ्या दिवशी रव्यासारखे पांढरे दाणे दिसले, तर तो बहुधा 'इक' हा परजीवी. खेड्यात उपाय दोनच: जाडं मीठ, नाहीतर मिथिलिन ब्लू हे निळं औषध.

मीठ किराण्यात मिळतं. लिटरला 2 ग्रॅम, दोन दिवसांत थोडंथोडं विरघळवून टाकायचं. मोली-गप्पींना मानवतं, कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) आणि पाणवनस्पतींना सोसत नाही. मिथिलिन ब्लू वेगळ्या टबातच बरं. मोठ्या टाकीत ते फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं, काचेच्या सांध्यांतलं सिलिकॉनही निळं करून ठेवतं.

दोन्हींचा मार परजीवी पाण्यात मोकळा पोहत असतानाच बसतो, म्हणून दाणे गळाले तरी उपाय आठवडाभर चालूच ठेवा.

मी आधी मीठच घेतो. मे महिन्यात तर आमच्याकडचं पाणी आपोआपच 30 अंशांवर जातं, तिथं इक ढेपाळतो. फक्त लाईन गेली की एअरपंप बंद, अन् मासे वर तोंड काढून धापा टाकतात.