एकच हवामान कार्ड, दोन साईट – ओपन-मेटिओ वापरून बघितलं

निफाडला मामांच्या द्राक्ष बागायतदार ग्रुपची छोटी साईट मी सांभाळतो, पैसे बिसे काही नाही, हंगामात घरी एक पेटी द्राक्षं येतात तेवढीच कमाई. तिथे आधी हवामान दाखवणारं एक रेडिमेड विजेट (तयार चौकट) चिकटवलेलं होतं, कुणाचं ते सोडा, निफाड टाकलं तरी नाशिकच दाखवायचं आणि खाली जाहिराती. मामा म्हणाले, "अरे आर्द्रता कुठंय यात? सूर्याचं चित्र बघून डावणी रोगाची फवारणी ठरवू का?"

मग ओपन-मेटिओ लावलं, म्हणजे हवामानाचे आकडे पुरवणारी ऑनलाइन सेवा. रजिस्ट्रेशन नाही, पासवर्डसारखी "एपीआय की" पण लागत नाही, लिंकमध्ये अक्षांश-रेखांश टाकायचे, काय काय हवंय ते मागायचं, नुसते आकडे येतात, 16 दिवसांपर्यंतचा अंदाज मिळतो. दिसायचं कसं ते आपण ठरवायचं, आणि मला हेच सगळ्यात आवडलं, कारण मांडणी एकदाच केली की झालं. वर गाव, मोठ्या अक्षरात तापमान, खाली तीन रकाने. गावाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि कुठले रकाने हवेत एवढंच बाहेरून द्यायचं. निफाडला आर्द्रता, पाऊस आणि रात्रीचं किमान तापमान, आणि तेच कार्ड मित्राच्या ट्रेकिंग ग्रुपच्या पानावर अंजनेरीसाठी लावलं तर पाऊस, वारा, सूर्यास्त. कोडची एक ओळ बदलली नाही.

हवेची स्थिती नंबरात येते, 0 म्हणजे निरभ्र, 45 धुकं, 61 हलका पाऊस, 95 गडगडाट, म्हणजे शब्द आपले आपण लिहायचे. 51 ला मी सरळ "भुरभुर" लिहिलं, सगळ्यांना कळतं.

आता माझा गाढवपणा ऐका. टाइमझोन सांगितला नाही तर वेळ जीएमटीत येते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि मी ते वाचलंच नव्हतं. कार्डावर सगळ्यात जास्त गारठा रात्री एकला! मामांनी पहिल्याच दिवशी पकडलं, "येडा झाला का, गारठा पहाटे पडतो, मी बागेत शेकोट्या पेटवतो तेव्हा तू झोपलेला असतो." एशिया-कोलकाता लिहिलं आणि मिटलं. दुसरं म्हणजे ओळीची उंची कमी ठेवली होती त्यामुळे "आर्द्रता"चा रफारच उडायचा मोबाईलवर, दीडपट केली तेव्हा दिसला. मराठीत कार्ड करणाऱ्यांनी हे आधीच बघा.

फुकट आहे पण बिगरधंदेवाईक वापरालाच, दिवसाला 10,000 मागण्यांपर्यंत, आणि त्यांचं नाव-लिंक द्यावी लागते. गंगापूर धरणाजवळचा एक होमस्टेवाला पण कार्ड मागत होता, त्याला सांगितलं भाऊ तुला पैशाचा प्लॅन घ्यावा लागेल, तो गप्प झाला. मी तासाला एकदाच आकडे आणून साठवून ठेवतो, दोन गावांच्या दिवसाला 48 मागण्या, लिमिटच्या जवळपास पण जात नाही.

एक लक्षात ठेवा, अंदाज हवामान मॉडेलने नकाशावर पाडलेल्या अख्ख्या चौकोनाचा असतो, तुमच्या बागेचा नाही. थंडीत मामा बांधावरचा थर्मामीटरच बघतात, कार्ड फक्त आज रात्री लाकडं तयार ठेवायची का एवढ्यासाठी.

माझ्याकडून साडेचार स्टार. मामांना आता त्याच कार्डात चौथा रकाना पाहिजे, पिंपळगावचा कांद्याचा भाव.