आयएसओ १४००१ की प्रॉपरचा निळा रंग?

इंडोनेशियातले दोन कारखाने, एक परदेशी मालकीचा, आयएसओ १४००१ (पर्यावरण-व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) वाला. दुसरा देशी, 'प्रॉपर'मध्ये, म्हणजे कारखान्यांना प्रदूषणावरून रंग देणाऱ्या तिथल्या सरकारी योजनेत, निळा. माल कोणाकडून घ्यावा, असं एका मैत्रिणीने विचारलं.

आधी मोजतात काय ते बघ. आयएसओ कारभाराची पद्धत तपासतं: धोरण, नोंदी, जबाबदाऱ्या. सांडपाण्याची मर्यादा ते स्वतः ठरवत नाही. प्रॉपर थेट पाणी, हवा, घातक कचरा बघतं. काळा, लाल, निळा, हिरवा, सोनेरी अशी चढती रांग. निळा म्हणजे कायद्याचे निकष पाळले. लाल म्हणजे धडपड आहे, पण निकष पूर्ण होत नाहीत. मालक कुठलाही असो, फूटपट्टी तीच.

पैसा कोणाचा? आयएसओच्या तपासनिसाला कंपनीच पैसे देते. मला हे खटकतं. प्रॉपरचा रंग पर्यावरण मंत्रालय देतं आणि जाहीर करतं. १९९५ मध्ये आधी चांगल्यांची नावं जाहीर झाली, बाकीच्यांना सुधारायला मुदत मिळाली.

टिकाऊपणात आयएसओ पुढे: तीन वर्षांचं प्रमाणपत्र, अनेक देशांत ओळख. प्रॉपर मात्र आर्थिक संकटात थांबलं होतं, २००२ मध्ये पुन्हा सुरू झालं.

नदीत काय जातंय याची काळजी असेल तर निळ्या कारखान्याकडून माल घे. अनेक देशांतले पुरवठादार एकाच चौकटीत बसवायचे असतील तर आयएसओ, पण सोबत सांडपाण्याचे अहवाल मागच.