हयातीचा दाखला मोबाइलवर: जीवन प्रमाण कुठे चालतं, कुठे अडतं

तालुक्याच्या गावात ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांना दाखले दिले, ते तलाठी, पोस्टमास्तर, मुख्याध्यापक निवृत्तीनंतर दर नोव्हेंबरला स्वतः जिवंत असल्याचा दाखला देतात. आधारवरून ओळख पटवून तो ऑनलाइन देण्याची जीवन प्रमाण ही केंद्र सरकारची सेवा १० नोव्हेंबर २०१४ पासून सुरू आहे. तंत्राच्या बाजूने ती आता चांगली झाली आहे, वापरावीच. मात्र अर्जातले दोन रकाने आणि शेवटचा एसएमएस या दोन ठिकाणी ती जाणत्या माणसालाही चकवते.

सुरुवातीची काही वर्षं मुख्य मदार बोटांच्या ठशांवर होती, आणि म्हातारपणी नेमके तेच दगा देतात. कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात आणि यंत्र ‘ठसा जुळला नाही’ म्हणत राहतं. कोमट पाण्याने हात धुऊन, पुसून, बोटाला किंचित क्रीम चोळलं की काही वेळा जमतं. अंगठा हटून बसला तर तर्जनी किंवा मधलं बोट लावून पाहावं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आणि ही कटकट बहुतेकांची संपली. वेगळं यंत्र लागत नाही, पुढचा कॅमेरा ५ मेगापिक्सेल किंवा त्याहून चांगला असलेला अँड्रॉइड फोन पुरतो.

फोनवर दोन अ‍ॅप लागतात: आधी ‘आधार फेस आरडी’, मग ‘जीवन प्रमाण’. पहिलं अ‍ॅप उतरवल्यावर त्याचं चिन्ह पडद्यावर दिसत नाही, कारण ते मागे राहून काम करतं. ते बसलंच नाही असं समजून लोक पुन्हापुन्हा उतरवत बसतात, त्याची गरज नाही. त्यानंतर आधी ऑपरेटरची नोंद करायची. ऑपरेटर म्हणजे फोन हाताळणारा. तो स्वतः पेन्शनर असू शकतो, नाहीतर मुलगा, नात, शेजारी, कोणीही आधारधारक चालतो. त्याचा आधार क्रमांक, मोबाइल, ई-मेल, ओटीपी आणि चेहरा एकदा नोंदला की त्याच फोनवरून एकामागून एक कितीही पेन्शनरांचे दाखले काढता येतात.

चेहरा टिपताना उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ करून बसवलं की चेहरा काळा येतो आणि नकार मिळतो. मागे साधी भिंत असावी, दुसरं कोणी चौकटीत डोकावू नये. चष्म्याची काच चमकत असेल तर तो उतरवावा. चेहरा वर्तुळात आला की सावकाश पापण्या मिटायच्या आणि उघडायच्या. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे त्यावरूनच ठरतं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना हे आधीच समजावून ठेवावं, कारण ऐनवेळी ओरडून सांगितलं की माणूस मान वळवून सांगणाऱ्याकडे बघतो. एवढं करूनही जुळलं नाही तर आधारवरचा फोटो पाहा. पंधरा वर्षांपूर्वीच्या फोटोत मिशा आणि दात शाबूत असतात, समोरच्या चेहऱ्यावर दोन्ही नसतात. अशा वेळी आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घेण्याला पर्याय नाही, आणि हे काम नोव्हेंबरच्या बरंच आधी उरकावं.

आता खरी अडचण. अर्जात पेन्शनचा प्रकार, मंजूर करणारा, वितरण करणारी यंत्रणा, पीपीओ (पेन्शन देण्याचा मूळ आदेश) क्रमांक आणि खाते क्रमांक भरायचा असतो. यातलं ‘मंजूर करणारा कोण’ आणि ‘वितरण करणारा कोण’ हे दोन रकाने हमखास चुकतात. राज्य सरकारच्या पेन्शनरचे पैसे बँकेच्या खात्यात येतात म्हणून तो वितरण करणारा म्हणून बँकेचं नाव निवडतो. पण महाराष्ट्रात राज्याचं पेन्शन काढतं कोषागार. बँक फक्त खातं सांभाळते. अशाने दाखला तयार होतो, पण ज्या कार्यालयाला तो हवा आहे तिथे पोचत नाही. केंद्राच्या नागरी सेवेतून निवृत्त झालेल्यांचं उलट असतं: तिथे साधारणपणे बँकच पेन्शन देते, म्हणून बँक निवडणं बरोबर. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून पेन्शन घेणाऱ्यांना, ईपीएफओ (भविष्य निर्वाह निधी संघटना) निवडायचं. जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि ग्रामसेवक यांचं पेन्शन पंचायत समितीतून निघतं. नगरपरिषदेचे कर्मचारी आणखी वेगळे. आपलं कार्यालय अर्जातल्या याद्यांमध्ये नसेल तर जवळचं वाटणारं नाव निवडू नका. सरळ कार्यालयाला विचारा आणि कागदी दाखला द्या. राज्य कोषागाराच्या पेन्शनरांना बँकेत आलेल्या यादीवर नावासमोर सही किंवा अंगठा करण्याची जुनी वाटही आहेच, आणि बँक घराजवळ असेल तर तीच सोपी.

पीपीओ क्रमांक मूळ आदेशावरून उतरवावा. पासबुकवर हाताने लिहिलेला बहुधा अपुरा असतो. ईपीएफओच्या क्रमांकात सुरुवातीला अक्षरं असतात, तीही क्रमांकाचाच भाग आहेत. नवरा-बायको दोघंही शिक्षक होते आणि नवरा वारला, तर बाईंना स्वतःचं सेवा पेन्शन आणि कुटुंब पेन्शन अशी दोन मिळतात. त्यांना दोन वेगळे दाखले काढावे लागतात, प्रत्येक पीपीओचा एक. एक काढून घरी गेलेल्या बाईंचं दुसरं पेन्शन डिसेंबरपासून थांबतं, आणि ते खात्यात पाहिल्याशिवाय कळत नाही. पुनर्विवाह केलेल्यांना किंवा पुन्हा नोकरीत असलेल्यांना हा डिजिटल दाखला चालत नाही. त्यांनी कागदीच द्यायचा.

अर्ज पूर्ण झाला की प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. तो मेसेज फक्त दाखला तयार झाल्याचा असतो, कार्यालयाने तो स्वीकारल्याचा नव्हे. या सेवेतली सर्वात मोठी उणीव हीच: दोन्ही गोष्टी पेन्शनरला एकसारख्या दिसतात. काही दिवसांनी जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर प्रमाण आयडी आणि ओटीपी टाकून स्थिती पाहावी. नाकारला असेल तर बहुतेक वेळा पीपीओ, खाते क्रमांक किंवा वितरण करणारा चुकलेला असतो. जुना दाखला दुरुस्त होत नाही, नवा काढावा लागतो. म्हणून २८-२९ नोव्हेंबरपर्यंत थांबू नये. पहिल्या आठवड्यात काढला तर नकार आल्यावर हाताशी वेळ उरतो. केंद्राच्या ८० वर्षांवरील पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. ईपीएस-९५ मध्ये नोव्हेंबरचं बंधनच नाही. वर्षात केव्हाही द्या, तो तिथून बारा महिने चालतो.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची ही सेवा २०२० पासून आहे आणि शुल्क जीएसटीसह ७० रुपये. खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी चालतं. घरी कोणाला फोन नीट हाताळता येत नसेल तर हे ७० रुपये सत्कारणी लागतात. फक्त तो रकाने भरत असताना मूळ पीपीओ त्याच्या समोर ठेवा, कारण तुमचं पेन्शन कोषागारातून निघतं की बँकेतून हे त्याला ठाऊक नसतं.

छोट्या गावांपर्यंत ही सोय पोचायला केंद्र सरकारच्या मोहिमांचा हात लागला: नोव्हेंबर २०२२ मध्ये ३७ शहरं, २०२३ मध्ये १००, २०२४ मध्ये ८००. पण खरं काम होतं ते गावातल्या पेन्शनर संघटनेच्या खोलीत, आणि तिथे पुढे होऊन फोन हातात घेणारा बहुधा स्वतःच निवृत्त कारकून असतो. अशा शिबिरासाठी आदल्या दिवशी प्रत्येकाकडून चिठ्ठी भरून घ्यावी: पीपीओ, खाते क्रमांक, पेन्शनचा प्रकार, ते कोण काढतं. रांगेत चेहरा टिपायला वेळ लागत नाही, पिशवीतून पासबुक शोधायला लागतो. ज्या मोबाइलवर ओटीपी येणार तो सोबत आणायला सांगावं. तो घरी सुनेकडे राहिला की रांग थांबते. नेटवर्क कमजोर असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला आणखी एक फोन ठेवावा. संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. खातं आणि पीपीओ एकाच कागदावर म्हणजे फसवणाऱ्याला आयतं घबाड. याच महिन्यात ‘पेन्शन कार्यालयातून बोलतोय, दाखला घरबसल्या करून देतो, ओटीपी सांगा’ असे फोनही येतात. ते सरळ कापावेत.

एक समज मात्र काढून टाकायला हवा. दाखल्यात आधारवरची जन्मतारीख असते म्हणून वयानुसार मिळणारी वाढ आपोआप लागेल, असं होत नाही. केंद्राच्या नियमाने मूळ पेन्शनवर ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा मिळतं, तेही ज्या महिन्यात ते वय पूर्ण होतं त्याच्या पहिल्या तारखेपासून. पण ते पीपीओवरच्या जन्मतारखेवरून. जुन्या आदेशांत पत्नीची जन्मतारीख पुष्कळदा नसते, आणि कुटुंब पेन्शन घेणाऱ्या ऐंशीच्या बाई वाढीविना राहतात. त्यासाठी वयाचा पुरावा जोडून वेगळा अर्ज द्यावा लागतो. जीवन प्रमाणमध्ये त्याला रकाना नाही.