टॅरो गार्डनला गेलात तर ज्याँचं लोखंडही शोधा

इटलीला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस कराच, पण टस्कनीच्या दक्षिण टोकाला कापाल्बिओ गावाजवळ टॅरो गार्डन नावाची शिल्पांची बाग आहे तिच्यासाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा. रोमहून गाडीने साधारण दीड-दोन तास लागतात. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार. आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण रिव्ह्यूजमध्ये बहुतेक वेळा "रंगीबेरंगी आहे, फोटो मस्त येतात, मुलं खूश" एवढंच असतं आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते.

मुख्य गोष्ट म्हणजे ही बाग जोडीने उभी राहिलीय. नाव शिल्पकार निकी द सां फालचं, स्वप्नही तिचंच, 1955 साली बार्सिलोनात वास्तुकार गौदीचं पार्क ग्वेल बघून तिच्या डोक्यात बसलेलं. पण बाहेरून जे चमचम दिसतं ना, त्याच्या आतला सांगाडा तिच्या नवऱ्याने, लोखंडी यंत्रांची शिल्पं करणाऱ्या ज्याँ टिंगेलीने, त्याच्या स्विस टीमला घेऊन वेल्ड केलेला आहे. आधी लोखंडी सळया वाकवून आकार, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट फवारायचं आणि मग त्याच्यावर निकीचे आरसे, काच, सिरॅमिक. म्हणजे एकाची हाडं आणि दुसरीची कातडी, आणि हे डोक्यात ठेवून फिरलात तर बाग वेगळीच दिसायला लागते.

आता थोडं बघण्याबद्दल. टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते पत्ते, त्यातल्या 22 मुख्य पत्त्यांवर ही शिल्पं बेतलेली आहेत, काही घराएवढी मोठी. आत शिरल्यावर समोरच निळं प्रचंड डोकं दिसतं, तोंड उघडलेलं, त्यातून पाणी पायऱ्यांवरून खाली हौदात येतं, ती प्रीस्टेस म्हणजे पुजारीण, आणि तिच्या डोक्यावर आरशांचा जादूगार. बहुतेक सगळे इथे फोटो काढून पुढे सरकतात. तुम्ही थांबा आणि हौदात बघा, गंजक्या लोखंडाचं एक यंत्र फिरत असतं, ते म्हणजे भाग्यचक्र आणि ते ज्याँचं काम. पुढे आरशांचा मनोरा आहे, वरचा भाग फुटून तिरका झालेला, त्या फटीतून बाहेर आलेलं यंत्रही त्याचंच. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे न्यायदेवता, काळी-पांढरी, तिच्या पोटात कुलूप लावून 'अन्याय' कोंडून ठेवलाय आणि तो अन्याय म्हणजे परत ज्याँचं एक यंत्र! नवऱ्याच्या यंत्राला आपल्या शिल्पाच्या पोटात अशी जागा देणं, मला तर हे त्या दोघांमधलं बोलणंच वाटलं.

सम्राज्ञीच्या शिल्पाला जास्त वेळ द्या. स्फिंक्ससारखी बसलेली अवाढव्य बाई आहे आणि निकी 80च्या दशकात काही वर्षं खरोखर तिच्या आत राहायची. एका स्तनात बेडरूम, दुसऱ्यात किचन, आतल्या भिंती सगळ्या आरशाच्या. त्याच काळात तिला संधिवाताने गाठलं, हात वाकडे झाले, फुप्फुसं तर पॉलिस्टरच्या धुराने आधीच खराब झालेली, तरी काम चालू. जमीन मैत्रिणीच्या भावांनी दिलेली, पैसे मात्र स्वतः उभे करायचे होते म्हणून 1982 मध्ये तिने स्वतःच्या नावाचा परफ्यूम काढला, बाटलीवर दोन साप गुंफलेले, आणि त्यातून बागेचा बराच खर्च निघाला.

चंदीगडचं रॉक गार्डन बघितलेल्यांना इथे त्याची आठवण येईल, पण एक फरक आहे. तिथे फुटक्या बांगड्या आणि भंगारातून जादू केलीय, इथे सिरॅमिकचा बराचसा भाग शिल्पावरच माती थापून, कापून, काढून, भट्टीत भाजून परत त्याच जागी बसवलेला आहे, म्हणून तर ते तुकडे वळणावर एवढे चपखल बसतात. हात फिरवून बघावासा वाटतो. हे काम करणाऱ्यांमध्ये आजूबाजूच्या गावातली माणसं होती, त्यात एक पोस्टमनही होता जो पुढे आरसे बसवण्यात तरबेज झाला.

त्यांचं लग्न 1971 चं, एकत्र काम त्याच्याही दहा वर्षं आधीपासून. कायम एका घरात राहिले असंही नाही, दोघांचे रस्ते मध्येच वेगळेही झाले, पण एकमेकांच्या कामावर हजर असायचे. पॅरिसजवळ मिली-ला-फोरेच्या जंगलात ज्याँचा 'सिक्लोप' आहे, 22.5 मीटर उंच, एकडोळ्या लोखंडी राक्षसाचं डोकं, 1969 ला सुरू केलेलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे आरसे निकीचे. इथे तिच्या स्वप्नाला त्याचं लोखंड, तिथे त्याच्या स्वप्नाला तिचे आरसे. 1991 मध्ये ज्याँ गेला तेव्हा दोन्ही अपुरी होती. सिक्लोप निकीने पूर्ण करून घेतला, 1994 ला उघडला, आणि मग ही बाग 1998 ला. मला हे वाचून माहीत होतं, पण त्या हौदातलं चक्र फिरताना बघितलं तेव्हा खरंच गलबलून आलं, माणूस जाऊन एवढी वर्षं झाली आणि त्याचं यंत्र तिच्या पाण्यात चालूच आहे.

कामाच्या गोष्टी. बाग एप्रिल ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रोज दुपारी उघडते, हिवाळ्यात जवळजवळ बंदच, तेव्हा वेबसाइटवर वेळ बघूनच निघा. गाडी असेल तर सोपं पडतं. आत गाईड मिळत नाही आणि मिळणारही नाही, कारण गाईडेड टूर नकोत ही निकीचीच इच्छा, ज्याने त्याने आपापलं बघावं. मला हे फार पटलं, मात्र जायच्या आधी थोडं वाचून जा. पायवाटांवरही नजर ठेवा, ओल्या सिमेंटवर तिने स्वतः लिहून ठेवलंय. उन्हात आरसे खूप चकाकतात तेव्हा गॉगल हवाच, आणि शक्य असेल तर उशिराचा स्लॉट घ्या, कलत्या उन्हात रंग जास्त खुलतात. प्रवेशाची जाड दगडी भिंत वास्तुकार मारिओ बोटाची आहे, बाहेरून अगदी साधी, तेवढ्यावरून आतल्याचा अंदाज बांधू नका.

इटली जमत नसेल आणि पॅरिस होणार असेल तर पाँपिदू सेंटर या कलासंग्रहालयाशेजारी स्ट्राविन्स्की कारंजं आहे, 1983 चं, दोघांचं मिळून, त्याची काळी यंत्रं आणि तिचे रंगीत आकार एकाच पाण्यात, आणि तिकीट नाही. वेळ असेल तर सिक्लोपसाठी मिली-ला-फोरेही करा, तिथे आत गाईडबरोबरच जाता येतं, आणि अगदी लहान मुलांना आत सोडत नाहीत, तेव्हा मुलं बरोबर असतील तर आधी चौकशी करा.